आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पोट फुगलं की आमच्या माणसांचा श्वास अडतो

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात खानदेशातल्या एका सरकारी दवाखान्यात मोटर न्यूरॉन आजाराच्या (यात स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जातात आणि माणूस हळूहळू लुळा पडतो) रुग्णाला जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या गेल्या. ते जुलाब नव्हतेच. गुदाशयात मळाचा खडा अडकला होता आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. बोट घालून तपासलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. गोळ्यांनी आतड्याची उरलीसुरली हालचाल थांबली, पोट टम्म झालं आणि श्वास लागला.

साहेब, हा आजार फक्त हातापायांचा नाही. पोटाचे स्नायू गेले की कुंथता येत नाही. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, दुबळं झालं की दम धरून जोर लावता येत नाही. पाण्याचा घोट ठसकतो म्हणून माणूस पाणीच कमी पितो. लाळ गळते म्हणून ग्लायकोपायरोलेट किंवा अमिट्रिप्टिलिन देतात; त्याने तोंडाबरोबर आतडंही कोरडं पडतं. काहींच्या स्वायत्त, म्हणजे शरीराची आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या, नसाही बिघडतात : जठर उशिरा रिकामं होतं, घाम सुटतो, पाय गार पडतात. मास्कमधून श्वासाला हवा ढकलणाऱ्या बायपॅप यंत्राची हवा पोटात जाते ती वेगळीच. भरलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं, म्हणून आमच्याकडे बद्धकोष्ठ हा श्वासाचाच त्रास असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा तर मळ खडा होतो आणि लाळ गोंदासारखी चिकटते.

आणि सल्ला काय मिळतो? इसबगोल. पुरेसं पाणी पोटात जात नसेल तर तेच फुगून अडकतं. या रुग्णांना मळ मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज, न चुकता लागते. चार दिवस तुंबल्यावर नव्हे. पण तीही, ठसका लागू नये म्हणून कॉर्नफ्लॉवर किंवा स्टार्चच्या पावडरीने घट्ट केलेल्या पाण्यात मिसळली की पाणी पुन्हा पातळ होतं आणि थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये हा इशारा दिला. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना तो कोणी सांगायचा?

गिळता येईना की थेट जठरात अन्न देण्यासाठी पोटातून बसवतात त्या नळीचंही तेच. वजन पूर्वीपेक्षा दहा टक्के उतरलं, किंवा जेवण तास-तास लांबू लागलं, की नळीचं बोलायला हवं. फुंकून मोजलेली फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या ५० टक्क्यांखाली जाण्याआधी ती बसवणं सुरक्षित. इथे तपासणीच वेळेत होत नाही, मग नाशिक, संभाजीनगर, मुंबई. तोवर भूल द्यायला डॉक्टर कचरतात, आणि त्यांचं चुकत नाही. नळी बसवून घरी पाठवताना मात्र कोणी सांगत नाही की अन्न देताना डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं, आधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवायची. न धुतलेली नळी तुंबते. आडवं ठेवलेल्या रुग्णाचं अन्न छातीत उतरतं.

महात्मा जोतिराव फुले योजनेत कुटुंबाला पाच लाखांचं कवच आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरची पावडर, घशातली लाळ ओढून काढणारं सक्शन मशीन, बॅटरी कशातच बसत नाही. वीज गेली की सक्शन बंद, आणि लाळ घशात साचते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. दीर्घकालीन मेंदूविकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनची नावं आहेत, आमच्या आजाराचं नाही. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्राच्या टेबलावर दरवेळी नवं उत्तर ऐकावं लागतं. जो बरा होणार नाही त्याच्यावर खर्च कशाला, हाच हिशेब या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. इमारतींना पैसा मिळतो, फिती कापल्या जातात, आणि मान न पेलणाऱ्या माणसाला एका शिक्क्यासाठी जीपमध्ये घालून जिल्ह्याला न्यावं लागतं. त्याला भूक लागते, पोट दुखतं, सगळं कळतं. फक्त सांगता येत नाही.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे दर तीन महिन्यांनी या रुग्णांचं वजन आणि श्वास मोजा, नळी तिथेच बसवा. पावडर आणि ग्लायकोपायरोलेट मोफत औषधांत घ्या. सक्शन मशीन बॅटरीसह घरी वापरायला द्या. प्रमाणपत्रासाठी डॉक्टर घरी पाठवा. यातलं काय, कोणत्या तारखेला सुरू होणार, ते आम्हाला लेखी कळवा.

आपले,
मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णांची काळजी घेणारे,
जळगाव, धुळे, नंदुरबार