लगेजच्या डब्यातून आलेल्या कोच सरांना

सर, नमस्कार.

मी तुमच्या कॉलेजच्या हॉकी टीमच्या गोलकीपरची आई, कळव्याहून लिहितेय. समोर बोलायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांदेखतच लिहिते.

याआधी तो ज्यांच्याकडे खेळायचा, त्यांनी त्याला गोलमध्ये उभं केलं आणि बाकीच्यांना शॉट मारायला लावले. झाली प्रॅक्टिस! एवढंच करायचं तर तिथे फळी ठोकली असती तरी चाललं असतं. हरल्यावर मात्र गोल कुणी खाल्ला, याची जाहीर उजळणी.

त्या दिवशी चर्चगेटला महिंद्रा स्टेडियमवर तुम्ही हरलात. शेवटचा गोल ह्याच्या दोन पायांमधून गेला. गोलकीपरची ती बॅग, पॅड, बुटांवरचे जाड किकर, हेल्मेट, सगळं टर्फच्या पाण्याने ओलं. संध्याकाळच्या गर्दीत साध्या डब्यात कोण घुसू देणार? हा नेहमी लगेजच्या डब्यातून एकटाच येतो. बाकी टीम पुढे निघून गेली. तुम्ही गेला नाहीत. दादरच्या पुलावर बॅगेचा दुसरा बंद तुम्ही धरलात आणि ठाण्यापर्यंत टोपल्या-पोत्यांच्या मधे त्याच्याबरोबर उभे राहिलात. गोलचा एक शब्द काढला नाहीत. अकाउंट्सचा पेपर कधी आहे, मागे राहिलेली केटी सुटेल ना, घरी कोण कोण असतं, एवढंच विचारलंत. रात्री तो पोटभर जेवला, सर. हरून आल्यावर जेवलेला मी त्याला पहिल्यांदाच बघितला.

शिकवता तर तुम्ही उत्तमच. पेनल्टी कॉर्नरला मागून ओरडून डिफेन्स कसा हलवायचा, हे तुम्ही शिकवल्यापासून हा घुम्या मुलगा घरातही ओरडूनच चहा मागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली भारताची ब्रिटनविरुद्धची मॅच तुम्ही पोरांना दाखवलीत. सगळं जग आपला गोलकीपर श्रीजेश आणि शूटआउटमधल्या ४-२ बद्दल बोलत होतं. तुम्ही म्हणे त्याआधीच थांबवून दाखवत होतात, की डिफेंडर रोहिदास रेड कार्ड मिळून बाहेर गेल्यावर दहा जणांनी त्याची जागा कशी भरून काढली आणि १-१ कसं टिकवलं.

आणि तो तुमचा स्टार फॉरवर्ड! अंपायरला शिवी दिली म्हणून ग्रीन कार्ड मिळालं, दोन मिनिटांत परत आत येऊ शकला असता. तुम्ही त्याला मॅच संपेपर्यंत बाकावरच ठेवलंत. त्याच्या वडिलांचा फोन आला, तरी ऐकलं नाहीत. असा सरळ माणूस पोरांना या वयात भेटावा लागतो. आमच्या ऑफिसात तर निवृत्त होईपर्यंत भेटत नाही.

पुढच्या सीझनसाठी तुम्ही फर्स्ट इयरचा एक गोलकीपर तयार करताय म्हणे. आमचा जरा कुरकुरतोय. कुरकुरू दे. तो पोरगा चांगला निघाला तर ह्याला बेधडक बाकावर बसवा. आमच्या घरून फोन येणार नाही.

तुमची,
गोलकीपरची आई