सांगाड्यांचे फोटो छापता, त्यामागची माणसंही छापा

संपादक महोदय,

नोव्हेंबर आला की मेक्सिकोच्या मृतांच्या दिवसाचे फोटो सगळीकडे दिसतात, रंगवलेले चेहरे, कवट्या, आणि बरेच जण ते सरळ हॅलोविनमध्येच ढकलून देतात, ते मला खरंच खटकतं. हा भीतीचा सण नाहीच. गेलेली लहान मुलं १ तारखेला आणि गेलेली मोठी माणसं २ तारखेला घरी येतात असं मानतात, म्हणून घरात ओफ्रेंडा, म्हणजे त्यांच्या स्वागताची वेदी, मांडतात, त्यावर त्यांचा फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, झेंडूची फुलं आणि त्या माणसाला जे आवडायचं ते, मग ती सिगारेट का असेना! कोण काय आवडीनं खायचं हे आठवून आठवून मांडायचं, यापेक्षा मोठी आठवण कुठली असणार?

आणि यातली कला तर बघा. कागद कोरून केलेल्या पताका, साखरेच्या कवट्या. टोपीवाली ती प्रसिद्ध सांगाडाबाई, कात्रिना, मेक्सिकन चित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा यांनी छापचित्रासाठी साधारण १९१० च्या सुमारास कोरली, श्रीमंतीचा तोरा मिरवणाऱ्यांना टोला म्हणून, पुढे चित्रकार दिएगो रिवेरांनी तिला १९४७ च्या भित्तिचित्रात पूर्ण अंगाची केली. पोसादा स्वतः १९१३ मध्ये गरिबीतच गेले, हे वाचून वाईट वाटतं. २००८ मध्ये युनेस्कोनं या परंपरेला वारसा यादीत घेतलंय.

या वर्षी फोटो छापाल तेव्हा सोबत पोसादांचं एखादं चित्र आणि चार ओळी माहिती द्या ना, प्लीज.

एक नियमित वाचक