गणिताच्या पानावर वक्रांनाही जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतले गणिताचे पान माझ्या शिकवणीतली मुले आवर्जून वाचतात. त्यात सीईटीच्या युक्त्या असतात, झटपट गुणाकार असतात. ते हवेच. पण गणित म्हणजे एवढेच, असा मुलांचा समज होतो, ते मला बघवत नाही.

अकरावीला पॅराबोला, इलिप्स, हायपरबोला हे वर्गाच्या समीकरणांचे वक्र चालू होते. एका मुलीने विचारले, ‘बाई, वर्गाच्या जागी घन आला तर?’ आलेखाचा कागद काढून य² = क्ष³ − क्ष घेतले. क्ष = −०.५ ला य साधारण ०.६१, वर आणि खालीही. क्ष = ०.५ ला उजवी बाजू ऋण, म्हणजे बिंदूच नाही. क्ष = २ ला य २.४५. डावीकडे बंद अंडाकृती, मधे रिकामी जागा, उजवीकडे उघडी शाखा. ‘मग हा वक्र एक की दोन?’ तिचा पुढचा प्रश्न.

एकच! कॉम्प्लेक्स संख्या (ज्यांत ऋण संख्येचेही वर्गमूळ निघते) आणि अनंतावरचा बिंदू धरला, की दोन्ही तुकडे एका पृष्ठभागावर येतात, मेदूवड्यासारख्या, मधे एक भोक असलेल्या. याच हिशेबात वर्तुळ, पॅराबोला, हायपरबोला सगळे एकच ठरतात, बिनभोकाचा गोल. भोक आले की मात्र वक्रांचे प्रकार अगणित. दोन किंवा अधिक भोके असतील, तर प्रकार सांगायला किती कॉम्प्लेक्स संख्या लागतात, हे जर्मन गणिती रीमानने १८५७ मध्ये सांगितले: भोकांची तिप्पट वजा तीन. दोन भोकांना तीन, तीन भोकांना सहा. आणि हे सारे प्रकार मिळून स्वतःच एक भूमिती होते, तिचा एकेक बिंदू म्हणजे एकेक वक्र. तिला मोड्युलाय स्पेस म्हणतात. मला तर याहून सुंदर गोष्ट गणितात दिसलेली नाही.

याच क्षेत्रातल्या कामासाठी इराणी गणिती मरियम मिर्झाखानी यांना २०१४ साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळाला. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. वक्रांवरच्या स्थिर व्हेक्टर बंडलांविषयीचे (वक्राच्या प्रत्येक बिंदूला एकेक व्हेक्टर स्पेस जोडली की बंडल) नरसिंहन आणि शेषाद्री या भारतीय गणितज्ञांचे १९६५ सालचे प्रमेय तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर). सोलापुरातून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाले की सकाळी मुंबई, आणि आमच्या मुलांच्या कानावर ही नावेसुद्धा नाहीत.

तरी महिन्यातून एकदा अर्धे पान अशा गणिताला द्यावे, शहरातल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांकडून लिहून घ्यावे. सोबत आलेखाच्या चौकटी छापा, म्हणजे मुलांना पुरवणीवरच वक्र काढता येतील.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, जुळे सोलापूर