एका तुरीचे पाच माल होतात, ते तुमच्या ईआरपीत कुठे आहेत?

लातूर
दिनांक : 3 मार्च 2025

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक

विषय : आमच्या डाळ मिलमध्ये बसवलेल्या ईआरपी यंत्रणेतील गंभीर दोष आणि जादा पैशांच्या मागणीबाबत तक्रार

महोदय,

स. न. वि. वि.

तुमची ईआरपी यंत्रणा, म्हणजे खरेदीपासून उधारीपर्यंतचा सगळा हिशेब एका जागी ठेवणारी संगणक प्रणाली, आमच्या मिलमध्ये 6 जानेवारीला सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत मी तुमच्या सपोर्टकडे 31 तक्रारी नोंदवल्या. त्यातल्या 19 तक्रारी तुमच्याकडून ‘निकाली’ म्हणून बंद झाल्या, पण आमच्याकडे त्या तशाच उभ्या आहेत. सपोर्टशी बोलून काही होत नाही हे कळल्यावर थेट तुम्हाला लिहिते आहे.

16 जानेवारीची सकाळ सांगते. औशाचा एक पशुखाद्य विक्रेता टेम्पो घेऊन चुनी, म्हणजे डाळ करताना निघणारा बारीक चुरा, न्यायला आला. चुनीचे 40 कट्टे शिवून, तोलून, दाराजवळ थप्पी लावून ठेवले होते. मुनीमकाका बिल काढायला बसले तर स्क्रीनवर चुनीचा साठा शून्य. शून्य साठ्यावर बिल निघत नाही. काका खुर्चीवरून उठले, दारापर्यंत जाऊन थप्पी बघून आले आणि मला म्हणाले, “वहिनी, माल डोळ्यांपुढं हाय, अन् हे म्हणतंय न्हाई.” तुमच्या सपोर्टचा फोन लागायला अडीच तास लागले. उत्तर मिळाले, की आधी चुनीची ‘खरेदी’ दाखवा, मग विक्री होईल. जी चुनी आमच्याच मशीनमधून निघाली, तिची खरेदी मी कोणाच्या नावावर दाखवू?

दोषाचे मूळ इथेच आहे. तुमची यंत्रणा मुळात वाळूजच्या वाहन-सुट्या-भागांच्या कारखान्यांसाठी तयार झाली, हे तुमच्याच माणसाने सांगितले. तिथे दहा भाग जोडून एक वस्तू तयार होते. कशाला किती भाग लागतात ते एकदा ‘बिल ऑफ मटेरियल’मध्ये भरले की काम झाले. डाळीचा धंदा बरोबर उलटा आहे. आमच्याकडे एक माल आत जातो आणि पाच माल बाहेर येतात : फटका (पहिल्या प्रतीची डाळ), सव्वा नंबर (त्याखालच्या प्रतीची डाळ), तुकडा, चुनी आणि भुसा. शिवाय वाळवणीत आणि चाळणीत घट जाते ती वेगळी. त्याच आठवड्यातल्या एका लॉटचा आमच्या वहीतला हिशेब देते. 100 क्विंटल तूर लावली. फटका 58, सव्वा नंबर 13, तुकडा 4, चुनी 8, भुसा 13 आणि घट 4 क्विंटल. दुसऱ्या लॉटला हे आकडे बदलतात, कारण तूर बदलते. बदनापूरच्या संशोधन केंद्राची पांढरी बीडीएन 711 आणि लाल बीडीएन 716 या वाणांचा उतारा, म्हणजे 100 क्विंटल तुरीमागे निघणारी डाळ, सारखा धरता येत नाही. एकाच वाणात जाड दाणा, बारीक दाणा, 12 टक्के ओलावा की त्याहून जास्त, यावरही उतारा हलतो. तुमच्या मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, मात्र ‘तूर’ ही एकच वस्तू आहे, आणि 100 क्विंटलला 75 क्विंटल डाळ हे प्रमाण तुमच्या इंजिनिअरने आम्हाला न विचारता भरून टाकले.

याचा परिणाम किती खोल जातो ते बघा. जानेवारीत आम्ही 100-100 क्विंटलचे 22 लॉट चालवले. डाळीचा सरासरी उतारा 71 आला आणि यंत्रणेने 75 धरला. महिनाअखेर 88 क्विंटल डाळ फक्त संगणकात होती, गोदामात नव्हती. आमचे बँकेत सीसी (कॅश क्रेडिट) खाते आहे, म्हणजे साठ्याच्या तारणावर कर्ज मिळते. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते आणि त्यावरच आमची उचल ठरते. तुमच्या रिपोर्टवर सही करून तो पाठवला असता, तर नसलेला साठा तारण दाखवल्याचा ठपका आमच्यावर आला असता. मी आणि माझे थोरले दीर दोन रात्री गोदामात कट्टे मोजत होतो. चुनी-भुशाचे पैसे वजा न करता तुरीची सगळी किंमत डाळीवर चढवल्यामुळे किलोमागचा खर्चही चुकीचाच येतो आहे. त्या आकड्यावर भाव ठरवला असता तर एकही सौदा झाला नसता.

घटीचा भाग मला सर्वांत जास्त लागला. तुरीला तेल लावून, पाणी देऊन, गच्चीवर वाळवलेल्या मालाचे वजन कमी होणारच. तुमची यंत्रणा त्याला ‘शॉर्टेज’ म्हणते आणि ते गोदाम सांभाळणाऱ्या माणसाच्या नावापुढे लाल अक्षरांत छापते. आमच्याकडचे गोदामवाले मामा सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. तो कागद कोणीतरी त्यांना वाचून दाखवला. मामा माझ्याकडे येऊन म्हणाले, “वहिनी, म्या एक दाणाबी नेला न्हाई.” मला त्यांची माफी मागावी लागली. ती तुमच्याकडून यायला हवी होती.

जीएसटीची चूक सांगते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधी पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के कर आहे. 30 किलोच्या कट्ट्यावर तो नाही. तुमच्याकडे कर वस्तूला जोडला आहे, पॅकिंगला नाही. त्यामुळे 30 किलोच्या कट्ट्यांवरही कर लागला आणि पुण्याच्या एका व्यापाऱ्याने नऊ बिले परत पाठवली. हा नियम तुमच्या माणसाला मी स्वतः लिहून दिला होता.

आता वेळेबद्दल. करारात काम ऑक्टोबरमध्ये सुरू करायचे ठरले होते. तुमची माणसे आली 30 डिसेंबरची येळवस (वेळा अमावस्या) उलटल्यावर. इकडे येळवस झाली, की बाजार समितीत तुरीची आवक चढते, आणि पुढचे दोन-तीन महिने मिलमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. जुनी आणि नवी पद्धत निदान महिनाभर बरोबरीने चालू द्या, अशी मी विनंती केली. ‘त्याची गरज नसते’ असे सांगून तुम्ही पहिल्याच दिवशी जुना हिशेब बंद करायला लावला. 1999 साली अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर अशीच नवी यंत्रणा सुरू केली. माल तयार असून सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाल्याचे तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. आमच्यासारख्या मिलला तुम्ही हंगामात हात लावायलाच नको होता.

जुना डेटा भरताना एकाच आडत्याची तीन खाती झाली, ‘ट्रेडिंग’, ‘ट्रेडींग’ आणि ‘ट्रेडर्स’ अशी. एका पट्टीचे, म्हणजे आडत्याच्या बिलाचे, पैसे दोनदा गेले. त्या आडत्याने स्वतः फोन करून सांगितले म्हणून ते परत आले.

ईआरपीला माझा विरोध नाही. घरात सगळे नको म्हणत असताना मीच आग्रह धरला होता. जून 2024 मध्ये केंद्राने तूर आणि हरभऱ्यावर साठामर्यादा लावली, तेव्हा साठा पोर्टलवर भरण्यासाठी आम्ही तीन वह्या आणि दोन एक्सेल जुळवत बसायचो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा निघायचा. खरेदी, मिल, गोदाम, विक्री आणि उधारी एका जागी दिसली तर धंदा किती हलका होईल, हे मला तेव्हा कळले. तुमच्या यंत्रणेचा उधारीचा भाग खरोखर चांगला आहे. कोणाकडे किती दिवसांचे किती पैसे अडकले हे मला मोबाइलवर दिसते, आणि फेब्रुवारीत त्यामुळे जुनी वसुली झाली. एवढे जमते, तर डाळ मिलचे गाभ्याचे काम का जमू नये, म्हणूनच मला इतका त्रास होतो.

ते जमवण्यासाठी तुम्ही आता 2,80,000 रुपये जादा मागता आहात, ‘नवी मागणी’ म्हणून. ती नवी नाही. 22 ऑगस्टला तुमचा माणूस आमच्या मिलमध्ये दिवसभर फिरला. चुनी कुठून पडते, भुसा कुठे जमतो, सगळे मी त्याला दाखवले. त्याने सही केलेल्या यादीतला सातवा मुद्दा ‘चुनी, भुसा व तुकडा यांचा साठा’ हाच आहे. एकूण 9,40,000 पैकी 7,05,000 रुपये आम्ही दिले आहेत. उरलेले 2,35,000 रुपये काम पूर्ण झाल्यावरच मिळतील, आणि जादा एक रुपयाही मिळणार नाही.

डाळ मिलचे काम समजणारा माणूस तुम्ही 10 मार्चच्या आत इथे पाठवावा. त्याने प्रत्येक लॉटचा प्रत्यक्ष उतारा भरण्याची सोय करावी, पाचही माल साठ्यात आणावेत, घट वेगळी दाखवावी आणि त्यापुढे कोणाचेही नाव छापू नये. कर पॅकिंगप्रमाणे लागला पाहिजे. काम पुरे होईपर्यंत जुनी पद्धत बरोबरीने चालेल, आणि वार्षिक देखभालीचे वर्ष त्यानंतर मोजले जाईल. आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये आमच्या हाती द्यावा, कारण तो आमचा आहे. स्क्रीन मराठीत हवी. तुमचे दोन दिवसांचे प्रशिक्षण सगळे इंग्रजीत झाले. 34 वर्षे हिशेब राखणारे मुनीमकाका तिथे दोन्ही दिवस खाली मान घालून बसले होते. आता त्यांना शेजारी बसवून, त्यांच्या भाषेत, त्यांच्याच पट्ट्या समोर ठेवून शिकवावे.

17 मार्चपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 प्रमाणे नुकसानभरपाईसाठी आमचे वकील नोटीस पाठवतील. मिल सकाळी आठला उघडते. येणाऱ्या माणसाने लॉट लागतानाच यावे, म्हणजे पाचही माल पडताना त्याला दिसतील.

आपली,
भागीदार, डाळ मिल
लातूर

सोबत : कराराची प्रत, 22 ऑगस्टची सही केलेली यादी, जानेवारीच्या 22 लॉटच्या वहीतील पाने, परत आलेली नऊ बिले.