जुन्या मोटारीत नवे दिवे जोडताना

संपादक महोदय,

जुन्या मोटारीला फॉग लॅम्प किंवा रेडिओ लावायचा म्हणून हेडलाइटची वायर सोलायची, तिला नवी वायर पिळायची आणि वर टेप गुंडाळायची, ही पद्धत बंद व्हायला हवी. रबर आणि सुती विणीचे जुने आवरण इतके सुकलेले असते की वायर जरा वाकवली तरी ते तडकते. शिवाय त्या काळच्या कित्येक गाड्यांत हेडलाइटला फ्यूजच नसतो. भार वाढला की वायरच तापून जळते.

आधी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे ते पाहावे. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश मोटारी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. निगेटिव्ह अर्थचा रेडिओ तिथे बसवला, तर त्याचे धातूचे कवच बॉडीला टेकताच शॉर्ट होतो. साध्या बल्बला उलटसुलट चालते, एलईडीला नाही. गाडी 6 व्होल्टची असेल तर तेवढ्याच वॅटला 12 व्होल्टच्या दुप्पट अँपिअर लागतात. 1 चौ. मिमीच्या 3 मीटर तांब्याच्या वायरीतून 10 अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. 6 व्होल्टच्या दिव्याचा जवळपास चतुर्थांश उजेड त्यात संपतो.

12 व्होल्टवर 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प सुमारे 9 अँपिअर घेतात. त्यांना वेगळी 2.5 चौ. मिमी वायर द्यावी आणि पुरवठा जिथून घेतला तिथून वीतभर अंतरातच 15 अँपिअरचा फ्यूज घालावा. मधे रिले, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे उपकरण, बसवावा. त्याच्या टोकांवर क्रमांक असतात: फ्यूजकडून रिलेच्या 30 ला, 87 वरून दिव्यांना, 86 ला स्विच, 85 अर्थला. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसलेलाच रिले घ्यावा. अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून आवळावा. दिवा मंद जळतो तेव्हा दोष बहुधा इथेच सापडतो. वायर पत्र्यातून जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची रिंग) हवाच.

अॅमीटर (बॅटरी चार्ज होतेय की उतरतेय ते दाखवणारे मीटर) असलेल्या गाडीत पुरवठा थेट बॅटरीवरून घेऊ नये, अॅमीटरच्या डायनॅमोकडील (इंजिनावर फिरून वीज देणाऱ्या जनित्राकडील) टोकावरून घ्यावा. नाहीतर दिव्यांकडे जाणारा करंटही सुई ‘चार्ज’ म्हणून दाखवते आणि बॅटरी उतरतेय हे कळत नाही.

डायनॅमोची कमाल मर्यादा बहुधा 20 अँपिअरच्या आसपास असते आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) तो जवळपास काहीच देत नाही. हेडलाइट, इग्निशन, वायपर मिळून 14-15 अँपिअर होतात. त्यात फॉग लॅम्पचे 9 मिळवले की बॅटरी उतरू लागते. म्हणून फॉग लॅम्प लागताच हेडलाइट बंद होतील असा स्विच बसवावा.

– जुन्या मोटारींच्या वायरिंगचे काम करणारे वाचक