वेळ लिहून ठेव

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. ओजसला गिळताना दुखतंय, तो रडतोय, रात्रभर तू जागी, आणि वर माझं आपलं चालूच, "औषध किती वाजता दिलं?" तू म्हणालीस, "संदीपने दिलंय बहुतेक, नाहीतर मी देते आता." त्यानंतर मला काही झोप आली नाही. आई म्हणाली, पुन्हा फोन करू नका, तिला झोपू दे. म्हणून हे पत्र. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलोय.

पॅरासिटामॉल मुलांना चालतं, प्रमाणात दिलं तर चांगलंच. पण दोन डोसांत निदान चार तास जायला हवेत, सहा गेले तर उत्तम, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नको. जास्त झालं तर यकृतावर येतं, आणि पहिल्या दिवशी मूल हसतखेळत असू शकतं, बाहेरून काहीच कळत नाही. भीती त्याचीच. संदीप देतो, तू देतेस, दुपारी सांभाळणाऱ्या मावशी देतात. तिघांच्याही मनात मायाच. फ्रिजवर एक कागद लाव. वेळ, किती मिली, कोणी दिलं. बस.

प्रमाण वयावर नाही, वजनावर. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ओजस १४ किलोचा, म्हणजे एका वेळी १४० ते २१०. आता गंमत बघ, एका सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या तेवढ्याच ५ मिलीत २५०, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या काही बाटल्यांत १ मिलीतच १००. म्हणून 'एक चमचा' म्हणू नकोस. स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच. बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज घे. सर्दीचं सिरप घरात असेल तर त्याचं लेबलही वाच, त्यात पॅरासिटामॉल बऱ्याचदा आधीच असतं, आणि मग कागदावर एक डोस दिसतो पण पोटात दोन गेलेले असतात. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. आयबुप्रोफेन द्यायचं झालं तर डॉक्टरांना विचारून, काहीतरी खाल्ल्यावर. पाणीच पीत नसेल तर नाही. चघळायच्या गोळ्या एवढ्या लहान मुलाच्या घशात अडकतात.

झालं, लागलो शिकवायला. रागावू नकोस.

तुझे टॉन्सिल्स आठवतात? औषध गालात धरून ठेवायचीस, चेहरा असा की गिळलंच, आणि मी वळलो की माझ्या शर्टावर. त्या गुलाबी डागांचा शर्ट आईने किती वर्षं फेकू दिला नाही! तेव्हाही प्रश्न हाच पडायचा, पोटात गेलं किती नि बाहेर आलं किती. ओजसही तुझाच मुलगा. त्याने ओकून टाकलं तर अंदाजाने पुन्हा पूर्ण डोस देऊ नकोस, विचारून दे.

परवा डॉक्टरांकडे तूच म्हणालीस ना, "आधी वजन करू या"? आईने हे ओळखीच्या सगळ्यांना सांगून झालंय. मी कोणाला सांगितलं नाही, पण ऐकून बरं वाटलं. तुला हे सगळं कळतं, मला माहीत आहे. मला भीती तुझ्या अकलेची नाही, पहाटे तीनची आहे. दिवा न लावता, झोपेत, हाताला लागेल ती बाटली.

घसा बहुतेक वेळा व्हायरसनेच धरतो, काही दिवसांत सुटतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, उगीच मागू नकोस. पण लाळ गिळता येईना, श्वासाला त्रास झाला, मान ताठरली, तोंड उघडेना, किंवा आठ-दहा तास लघवीच नाही, तर औषधाची पुढची वेळ बघत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ. ताप तीन दिवसांवर गेला तरी दाखव.

बाटली उंचावर, कुलपात. आणि त्याला 'खाऊ' म्हणून पाजू नका, संदीपला सांग. तो ऐकतो तुझं. माझंही ऐकतो, पण फक्त 'हो बाबा' म्हणतो.

फोन नाही केलास तरी चालेल. त्या कागदाचा फोटो तेवढा पाठव, आजचा. आणि घरातल्या बाटल्यांच्या लेबलांचा.

तुझा,
बाबा