ट्रॉलीची दांडी आणि वेल्डिंग मशिनची दोन बटणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊस गाळपाचा हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर-सांगली भागातील फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ट्रॉल्यांच्या बांधणीची आणि दुरुस्तीची एकच घाई उडते. सीओटू वेल्डिंगमुळे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात सतत पुढे येणारी तार वितळवून केलेल्या वेल्डिंगमुळे, हे काम झपाट्याने उरकते आणि टाकाही (वेल्डची रेघ) दिसायला सुबक येतो. परंतु मशिनवरील व्होल्टेज आणि तारेची गती ही दोन बटणे कामागणिक बसवण्याऐवजी आधीच्या कारागिराने खडूने केलेल्या खुणांवर ठेवून ट्रॉलीच्या बाजूच्या फाळक्याच्या पातळ पत्र्यापासून ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांडीच्या जाड प्लेटपर्यंत सगळे जोडले जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहतो.

या मशिनमध्ये तारेची गती वाढवली की करंट वाढतो, कारण पुढे येणारी सगळी तार वितळवण्यासाठी मशिन आपोआप तेवढा जास्त करंट पुरवते. आर्कची (तार आणि लोखंड यांच्यामधल्या विजेच्या ज्योतीची) लांबी आणि टाक्याची रुंदी मात्र व्होल्टेजवर ठरते. त्यामुळे एक बटण फिरवून दुसरे तसेच ठेवले तर ताळमेळ बिघडतो. व्होल्टेज जास्त आणि तार कमी असेल तर आर्क लांबतो, टाक्याच्या कडेला खाच पडते आणि तार मागे जळत जाऊन हातातल्या वेल्डिंग टॉर्चच्या तोंडाशी असलेल्या टिपला चिकटते. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. तार जास्त आणि व्होल्टेज कमी असेल तर टॉर्च हाताला धक्के देते आणि टाका दोरीसारखा उंच बसतो. मूळ लोखंड पुरेसे न वितळताच वर धातूचा थर चढतो, आणि त्यावर ग्राइंडर फिरवून रंग दिला की कोणालाही शंका येत नाही. दांडी निखळते ती भरल्या ट्रॉलीसह रस्त्यावर.

अंदाजासाठी एक सोपा हिशेब आहे. करंटच्या विसाव्या भागात १४ मिळवले की साधारण व्होल्टेज मिळते: १०० अँपिअरला १९ आणि २०० अँपिअरला २४. वायू निव्वळ सीओटू असेल तर बहुधा एक-दोन व्होल्ट अधिक लागतात. १० मि.मी. प्लेटसाठी १.२ मि.मी. तार वापरताना सुमारे २५० अँपिअर, २८ व्होल्ट आणि मिनिटाला ८ मीटर तार येथून सुरुवात करता येते. तारेची गती मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. टॉर्च कामापासून दूर धरून बटण ६ सेकंद दाबावे, बाहेर आलेली तार टेपने मोजावी आणि दहाने गुणावे, ८० सें.मी. तार आली तर ८ मीटर. तार ढकलणारा रोलर घसरत असेल किंवा तार जिच्यातून येते ती नळी, म्हणजे लायनर, तुंबला असेल तर तेही येथेच उघड होते.

विजेचा दाब घसरतो तेव्हा खडूच्या खुणेला काहीच अर्थ उरत नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशिनवर ४१५ व्होल्टचा पुरवठा ३७५ वर आला तर टॉर्चपाशी २८ ऐवजी जेमतेम २५ व्होल्ट मिळतात, आणि सकाळी उत्तम बसलेला टाका संध्याकाळी कच्चा राहतो. इन्व्हर्टर मशिन असा चढउतार काही मर्यादेपर्यंत सांभाळून घेते, पण लहान शेडमध्ये अजून जुनीच मशिने बरीच आहेत.

म्हणून दांडीच्या कामाला हात घालण्यापूर्वी त्याच जाडीच्या दोन तुकड्यांची टी-जोडणी एकाच बाजूने वेल्ड करून ती घणाने दुमडून मोडावी आणि सांध्याचे मूळ वितळले आहे की नाही हे पाहावे. मुळाशी प्लेटची सरळ, न वितळलेली कड दिसली तर दोन्ही बटणे पुन्हा बसवावीत. एवढ्याला पाव तासही लागत नाही. नवी ट्रॉली घेणाऱ्या शेतकऱ्यांनीही रंग चढण्याआधी हा मोडलेला तुकडा मागून पाहावा, आणि तो दाखवायला टाळाटाळ झाली तर उरलेली रक्कम देण्याची घाई करू नये.

आपला,
एक शिल्प निदेशक (वेल्डर), कोल्हापूर